सॉरी म्हणायचं नाही

एका लग्नात माझी ओळख करून देताना मोठे काका म्हणाले होते, "हा आमचा पुतण्या. टेनिस खेळतो. म्हणजे, दुहेरी." त्या 'म्हणजे'त सगळं आलं. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या लेखी दुहेरी म्हणजे संध्याकाळी क्लबात चार पेन्शनर पांढऱ्या टोप्या घालून खेळतात ते. मी तेव्हा जागतिक क्रमवारीत दुहेरीत १२४ वा होतो. पण ते सांगून उपयोग नव्हता, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असे: "आणि एकेरीत?"

एकेरीत मी कधीच पहिल्या चारशेत आलो नाही. सोळा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळलो. त्यातली पहिली सहा दोन्हीकडे हात मारण्यात गेली आणि उरलेली दहा फक्त दुहेरीत. २०१५ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी थांबलो. सर्वोत्तम क्रमांक ११२. शंभरच्या आत येणं राहिलंच. ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत कधी नाव लागलं नाही. विम्बल्डनला तेव्हा दुहेरीचीही पात्रता फेरी असे, रोहॅम्प्टनच्या मैदानावर. तिथे एकदा खेळलो आणि पहिल्याच सामन्यात सरळ सेटमध्ये हरलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत व्हायला नको.

मी टेनिस शिकलो पुण्यातल्या एका जिमखान्याच्या लाल मातीवर. वडील पोस्टात होते. क्लबाचं सभासदत्व आमच्या आवाक्याबाहेरचं, पण उन्हाळी शिबिराची फी त्यांनी कशीबशी भरली आणि शिबिर संपल्यावरही मी तिथून हललो नाही. त्या काळी प्रत्येक जुन्या क्लबात एक 'मार्कर' असायचा. पहाटे कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळं ताणायचं आणि एखाद्या सभासदाला चौथा भिडू मिळाला नाही तर त्याच्याबरोबर खेळायचं, ही त्याची नोकरी. आमचे मार्कर पन्नाशीच्या पुढचे होते. पळणं त्यांना जमत नसे, पण जाळ्यापाशी उभे राहिले की त्यांच्या बाजूने चेंडू पुढे जात नसे.

त्यांनी मला व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारणं, शिकवली ती कोर्टमागच्या तारेच्या जाळीला पाठ टेकवून. पाठ जाळीला, त्यामुळे रॅकेट मागे न्यायला जागाच नाही. नेलीच तर तारेवर आपटायची आणि मनगटाला झिणझिण्या यायच्या. महिनाभरात माझा हात मागे जायचा बंद झाला. ते म्हणायचे, "पोरा, जाळ्यापाशी हाताचं काम चार आण्याचं, पायाचं बारा आण्याचं."

एका संध्याकाळी चौथा भिडू म्हणून त्यांनी मला उभं केलं. जोडीला एक वयस्कर डॉक्टर होते. मी एक सोपा चेंडू जाळ्यात घातला आणि म्हणालो, "सॉरी." पुढचा बाहेर मारला. पुन्हा "सॉरी." डॉक्टर दर वेळी हसून म्हणत होते, "असू दे, असू दे." खेळ संपल्यावर मार्करांनी मला बाजूला घेतलं.

"सॉरी कशाला म्हणतोस?"

"चुकलं म्हणून."

"चुकलं ते त्यांना दिसलं नाही का? तू सॉरी म्हटलंस की त्यांना 'असू दे' म्हणावं लागतं. म्हणजे चूक तुझी आणि काम त्यांना. चेंडू उचलून द्यायचा आणि जागेवर उभं राहायचं."

तेव्हा हा मला नुसता करडेपणा वाटला. यामागे काय आहे, ते कळायला पुढची वीस वर्षं लागली.

दुहेरीकडे मी आवडीने वळलो, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण हिशेबाचं होतं. फ्युचर्स म्हणजे व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी. माझ्या काळात तिथल्या लहान स्पर्धेचं एकूण बक्षीस १०,००० डॉलर असे. एकेरी जिंकणाऱ्याला साधारण १,३०० डॉलर मिळत. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला मिळून त्याच्या जवळपास निम्मे, म्हणजे एकेकाच्या हातात त्याचेही निम्मे. त्यातून कर, हॉटेल, विमान आणि गटिंग. रॅकेटच्या तारा बदलण्याला आमच्यात गटिंग म्हणतात आणि हा खर्च महिन्याच्या शेवटी घरभाड्यासारखा टोचतो. २००५ मध्ये माझा उजवा गुडघा बोलू लागला. एकेरीचे तीन सामने लागोपाठ खेळलो की चौथ्या दिवशी जिने उतरताना कठडा धरावा लागे. दुहेरीत मात्र मी पन्नास क्रमांक वरच्या जोड्यांना हरवत होतो. प्रशिक्षकांनी कागदावर दोन रकाने आखून दाखवले: कुठे खर्च, कुठे मिळकत. दुहेरीच्या रकान्यातही तोटाच होता, पण कमी होता. मी कमी तोट्याचा धंदा निवडला.

आणि निवडला तो नेमका कधी? पुरुषांच्या टूरने, म्हणजे एटीपीने, त्याच वर्षी दुहेरीत मोठे बदल जाहीर केले. सेट छोटे करायचे आणि पुढे पुढे प्रवेशही मुख्यतः एकेरी खेळणाऱ्यांनाच द्यायचा. नुसती दुहेरी खेळणाऱ्यांना बघायला प्रेक्षक येत नाहीत, असा सूर होता. सप्टेंबरमध्ये ब्रायन बंधू या दुहेरीतल्या अव्वल जोडीसह बऱ्याच खेळाडूंनी टेक्सासच्या न्यायालयात दावा लावला. मी दुकान भाड्याने घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी रस्तारुंदीची नोटीस लागावी, तसं वाटलं. पुढे तडजोड झाली. सेट होते तसेच राहिले. पण २००६ पासून ४०-४० झालं की एकच निर्णायक गुण आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक अशी पद्धत आली. फ्युचर्सच्या वरच्या पायरीवरच्या आमच्या चॅलेंजर स्पर्धांतही ती लागू झाली. बरोबरीतला सामना आता दहा-बारा मिनिटांत निकाली निघू लागला. तासभर चांगलं खेळून दोन गुणांनी घरी जाणं, हे अंगवळणी पाडून घ्यावं लागलं.

बाहेरच्यांना दिसत नाही अशी एक गोष्ट म्हणजे जोडीदार मिळवणं. ब्रायन बंधू जुळे, त्यातला एक डावखुरा. दोघांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम जिंकले आणि जोडी म्हणून ४३८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यांना जोडीदार आईच्या पोटात मिळाला. आम्हाला तो दर शनिवारी शोधावा लागे. दोघांच्या क्रमवारीची बेरीज करायची. बेरीज जितकी लहान, तितका प्रवेशाचा संभव जास्त. नावं देण्याची मुदत दुपारी संपायची, त्याआधी अर्धा तास स्पर्धा पर्यवेक्षकाच्या टेबलाभोवती जे चाले, तो शुद्ध लग्नाचा बाजार. एकजण दुसऱ्याशी बोलत असतो आणि त्याची नजर तिसऱ्यावर असते. "तुझं ठरलंय का?" असं कुणी सहज विचारतं. ठरलेलं नसलं तरी "बघतोय" म्हणायचं, कारण लगेच "नाही" म्हटलं की भाव पडतो. एकदा मुदतीला पाच मिनिटं असताना मी ज्याच्याबरोबर नाव लिहिलं, त्याचा खेळ तर सोडाच, त्याला मी चालतानाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरावात कळलं की तोही माझ्यासारखा उजव्या बाजूला खेळणारा. दोघांपैकी एकाने डावीकडे जायचं होतं. तो माझ्यापेक्षा तीस क्रमांक वर होता. मी गेलो.

अशा बाजारात २००७ मध्ये मला माझा कोल्हापूरचा जोडीदार मिळाला. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, उंच, सर्व्हिस अशी की कोर्टमागची जाळी हलायची. त्याच्या किटबॅगेत घरच्या कांदालसूण मसाल्याचा डबा कायम असे. त्यामुळे त्याच्या टॉवेलपासून मोज्यांपर्यंत सगळ्याला तो वास. उझबेकिस्तानात फरगाना, कार्शी, ताश्कंद अशा गावांना आम्ही स्पर्धांसाठी जात असू. तिथल्या हॉटेलात सूप आलं की हा चमचाभर मसाला ढवळून टाकायचा आणि वाडगा माझ्याकडे सरकवायचा. "घे भावा, आता हे अन्न झालं."

दुहेरीत दोन गुणांच्या मधे जोडीदार एकमेकांशी बोलतात ते तोंडावर चेंडू नाहीतर रॅकेट धरून. समोरच्याने ओठ वाचू नयेत, म्हणून. आम्हाला ती गरज नव्हती. आम्ही मोठ्याने मराठीत बोलायचो. "बाहेर टाक, मी जातो." "नको, अंगावर टाकतो, तू थांब." समोरचे दोघे माना वळवून बघत. असं दोन वर्षं सुखाने चाललं. मग आखातातल्या एका स्पर्धेत पहिल्याच गेमला लक्षात आलं की प्रेक्षकांत बसलेलं एक कुटुंब आमच्या प्रत्येक वाक्याला हसतंय. चाळिशीचे गृहस्थ, पत्नी, दोन मुलं. दुसऱ्या सेटमध्ये माझा जोडीदार समोरच्या खेळाडूच्या चालण्यावरून काहीतरी बोलला, जे इथे लिहिता येणार नाही. त्या बाईंनी मुलीचे कान झाकले. सामना संपल्यावर गृहस्थ भेटायला आले. साताऱ्याचे होते. म्हणाले, "खेळातलं फारसं कळत नाही आम्हाला. पण कानाला बरं वाटलं." रात्री त्यांच्या घरी आमटी-भात जेवलो.

त्या तीन वर्षांत मी खरं टेनिस शिकलो. एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. लोकांना वाटतं, दोन बाजूंच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्यांत दुहेरी खेळली जाते. प्रत्यक्षात बहुतेक गुण मधे ठरतात. जाळं दोन टोकांना साडेतीन फूट उंच असतं आणि मधोमध तीन. मधून मारलेल्या चेंडूला जाळ्याची भीती कमी, आणि समोरच्याला कोन मिळत नाही. शिवाय तो चेंडू दोघांच्या मधे जातो, म्हणजे "तुझा की माझा?" हा प्रश्न त्यांच्या डोक्यात क्षणभर तरी येतोच. आम्ही हा प्रश्न स्वतःपुरता निकालात काढला होता. ठरलं होतं की मधल्या चेंडूवर दोघांनीही जायचं. रॅकेटवर रॅकेट आपटली तरी चालेल, दोघं थांबलो तर चालणार नाही. तीन वर्षांत दोन रॅकेटा फुटल्या. थांबून घालवलेला गुण मला आठवत नाही.

जोडीदाराची सर्व्हिस असली की जाळ्यापाशी मी. पाठीमागे हात, मूठ म्हणजे थांबणार, उघडा पंजा म्हणजे मधे झेप घेणार. समजा, पंजा दाखवलाय. त्याने 'हो' म्हटलं. चेंडू उसळल्याचा आवाज मागून येतो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, मग शांतता, म्हणजे चेंडू वर गेला. माझी नजर मात्र समोर, सर्व्हिस घेणाऱ्याच्या डोळ्यांवर. निघायचं कधी, हीच सगळी विद्या. तो चेंडू मारायला लागतो तेव्हा एका क्षणी त्याचे डोळे खाली चेंडूकडे जातात. तोच क्षण. त्याआधी निघालात तर तो तुम्हाला बघतो आणि तुम्ही सोडलेल्या जागेतून रेषेलगत मारतो. नंतर निघालात तर चेंडू गेलेला असतो. त्या पापण्या खाली जाण्यावर मी दहा वर्षं पोट भरलं.

आणि गंमत अशी की यातलं निम्मं काम कुठे लिहिलं जात नाही. मी दोनदा झेप घेऊन गुण मारले की तिसऱ्यांदा नुसता खांदा हलवला तरी पुरतं. समोरचा दचकतो, रेषेलगत मारायला जातो आणि चेंडू बाहेर. कागदावर त्याची चूक म्हणून नोंद होते. मी चेंडूला हातही लावलेला नसतो. पहिल्या वर्षी याचं वाईट वाटायचं. पेपरात कधी चार ओळी आल्याच तर जोडीदाराच्या बिनतोड सर्व्हिसचं कौतुक असे. पुढे उमगलं की त्याची सर्व्हिस ज्या दिवशी सहज पडते, त्या दिवशी माझे खांदे चांगले चाललेले असतात, आणि हे त्याला माहीत असतं. ज्याला कळायला हवं त्याला कळतं. पेपरवाल्यांचं नंतर फारसं मनावर घेतलं नाही.

पण अहंकार जाळ्याजवळ उभा राहिला म्हणून जात नाही. एका चॅलेंजरच्या अंतिम सामन्यात आम्ही पहिला सेट जिंकून दुसऱ्यात ५-४ ने पुढे होतो. त्यांची सर्व्हिस, ४०-४०, निर्णायक गुण. नव्या नियमात सर्व्हिस कुणी घ्यायची, हे घेणारी जोडी ठरवते. हा गुण मिळाला की सामना आमचा. जोडीदार त्या दिवशी डाव्या बाजूने एकही रिटर्न चुकला नव्हता. शहाणपण सांगत होतं की त्याने घ्यावी. मी म्हणालो, "मी घेतो." जिंकणारा फटका आपला असावा, एवढंच मनात होतं. रिटर्न सरळ त्यांच्या जाळ्यापाशी उभ्या माणसाच्या रॅकेटवर घातला. दुसरा सेट गेला, मग टायब्रेक १०-७ ने गेला. ५०,००० डॉलरच्या त्या स्पर्धेत विजेत्या जोडीला तीन हजार डॉलरच्या आसपास होते, ते गेले. तो कोर्टवर काही बोलला नाही. मीही सॉरी म्हणालो नाही, आमचा नियमच होता. जेवताना तो म्हणाला, "भावा, तू 'मी घेतो' म्हणालास नव्हं, पॉइंट तवाच गेला." आणि मसाल्याचा डबा पुढे केला.

आता जे सांगायचं आहे ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. २०१० च्या सुरुवातीला एका युरोपियन खेळाडूने मला विचारलं. तो क्रमवारीत सत्तरच्या आत. त्याच्याबरोबर बेरीज इतकी छान बसत होती की मोठ्या स्पर्धांची दारं आपोआप किलकिली झाली असती. मी हो म्हणालो. कोल्हापूरकराला सांगायचं होतं. आम्ही दोन दिवस एकाच खोलीत राहत होतो आणि मी ते दोन दिवस त्याच्याशी हवापाण्यावर बोलत होतो. शेवटी विमानतळावरून मेसेज केला: "पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्याबरोबर खेळतोय. नंतर बोलू." विमानात बसल्यावर फोन बंद केला आणि बंद करावा लागतोय याचं बरं वाटलं. उतरल्यावर त्याचं उत्तर आलेलं होतं: "ओके. माझी गटिंगची दोन पाकिटं तुझ्या बॅगेत आहेत."

नवी जोडी पाच स्पर्धा टिकली. पाचांत मिळून आम्ही एक सामना जिंकलो. तो उत्तम खेळाडू होता, माझ्याहून सरस. पण मधल्या चेंडूवर आम्ही दोघं थांबायचो. प्रत्येक चुकीनंतर तो हात वर करून सॉरी म्हणायचा, मी 'असू दे' म्हणायचो, मग माझ्या चुकीनंतर उलटं. आमच्यात फार सभ्यता होती. सहाव्या आठवड्यात त्याने मला मेसेज केला. शब्द जवळपास माझेच होते. मी हॉटेलच्या खोलीत बसून तो मेसेज तीनदा वाचला. मग बॅग उघडली, गटिंगची ती दोन पाकिटं काढली आणि त्याच तारा रॅकेटला बसवून घेतल्या. पैसे संपत आले होते.

त्यानंतरची पाच वर्षं मी खेळलो ती जगण्यापुरती. कधी जर्मन क्लबांच्या साखळी सामन्यांत, कधी एखाद्या तरुण पोराला हाताशी धरून. शेवटचा सामना एका फ्युचर्सच्या चार नंबर कोर्टवर. प्रेक्षक तीन, त्यातला एक पुढच्या सामन्याची वाट बघणारा. जोडीदार एकोणीस वर्षांचा, मला सर म्हणायचा. दर चुकीला "सॉरी सर." पहिला सेट गेला तेव्हा बाकावर बसून मी त्याला म्हटलं, "सॉरी म्हटलंस की मला 'असू दे' म्हणावं लागतं. मला दम लागलाय, तेवढं बोलायला लावू नकोस. पुढचा कुठे मारणार तेवढं सांग." तो हसला. दुसरा सेट आम्ही जिंकला. टायब्रेक १०-८ ने हरलो. कोर्टवरून बाहेर येताना तो काहीतरी म्हणायला तोंड उघडत होता, मग थांबला आणि म्हणाला, "सर, पुढच्या आठवड्याला मी डावीकडून खेळू?" पुढचा आठवडा माझ्यासाठी नव्हता, हे मी त्याला संध्याकाळी सांगितलं.

२०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा पुण्यात बालेवाडीला एटीपीची स्पर्धा झाली, टाटा ओपन महाराष्ट्र. २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण या आपल्या जोडीने ती जिंकली, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. मधल्या सुट्टीत कुणीतरी पाठीवर थाप मारली. कोल्हापूरकर. केस कमी, पोट जास्त. तोही आता मुलांना शिकवतो. चहा घेतला. इकडचं तिकडचं झालं. नऊ वर्षं घशात अडकलेलं होतं, ते मी एका दमात बोलून टाकलं. तोंडावर सांगायला हवं होतं, मेसेज करायला नको होता, सॉरी.

तो जरा वेळ कपात बघत राहिला. मग म्हणाला, "त्याच आठवड्यात मीबी दोघांना विचारलं होतं. दोघंबी नाही म्हणाले. त्यातल्या एकाने हो म्हटलं असतं तर मेसेज तुला आला असता." आणि मग, "गटिंगची पाकिटं तेवढी दे माझी."

कोर्टवर सॉरी न म्हणणं हे मार्करांनी शिकवलेलं तत्त्व मी इतकं पाळलं की कोर्टबाहेर जिथे म्हणायला हवं होतं, तिथेही गिळत राहिलो. दोन्ही जागा वेगळ्या आहेत. कोर्टवर पुढचा गुण पंचवीस सेकंदांत सुरू होतो, तिथे माफी मागणं म्हणजे जोडीदारावर ओझं टाकणं. बाहेर पुढचा गुण नऊ वर्षांनीही सुरू होत नाही. मला विचाराल तर मी आयुष्यात हरलेला सगळ्यात मोठा सामना म्हणजे ते एका खोलीतले गप्प घालवलेले दोन दिवस.

लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का? १९९९ मध्ये मी व्यावसायिक झालो. लिअँडर पेस आणि महेश भूपती त्याच वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेले आणि त्यातली फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले. तेव्हा वाटलं होतं, आता घरोघर दुहेरी कळेल. तसं काही झालं नाही. २०२४ च्या जानेवारीत बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि पहिल्यांदाच जगात पहिला क्रमांक मिळवला. त्याच्याही गुडघ्यांनी त्याला छळलं होतं आणि त्यातून सावरायला अय्यंगार योगाची मदत झाली, असं त्याने सांगितलंय. अय्यंगार गुरुजींची संस्था माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. सोळा वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नाही. पश्चात्ताप विचारत असाल तर हा एक.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरीचं रूप पालटलं. सोळा जोड्या, त्यात बहुतेक एकेरीतले तारे, छोटे सेट, विजेत्यांना दहा लाख डॉलर. दुहेरीवाल्यांना जवळपास बाहेरच ठेवलं. आधीचे विजेते सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी यांना मात्र प्रवेश मिळाला आणि त्यांनी पुन्हा स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात समोर इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड होते. मोठे काका आज असते तर मी त्यांना फोन केला असता.

आता मी पुण्यात मुलांना शिकवतो. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते आठ. जाळ्यापाशी उभं राहायला शिकवताना त्यांची पाठ अजून तारेच्या जाळीला टेकवतो. मार्करांना जाऊन बरीच वर्षं झाली.

एक गोष्ट पालकांना सांगायची आहे. ज्युनिअर स्पर्धेत तुमची मुलगी किंवा मुलगा एकेरीत सकाळी दहा वाजता हरतो. दुहेरीचा सामना दुपारी चारला असतो. तुम्ही दुहेरीतून नाव काढता, सामान गाडीत टाकता आणि घरी निघता. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनिअर क्रमवारीत दुहेरीचे गुण पावपटच धरतात, त्यामुळे तुमचा हिशेब चुकीचा नाही. पण दुसऱ्या बाजूला एक मूल जोडीदाराविना उभं राहतं, आणि तुमच्या मुलाने त्याला काही सांगितलेलंही नसतं. थांबा. डबा आणा, सावलीत बसा, चार वाजू द्या. आणि खरोखरच जायचं असेल, तर त्या दुसऱ्या मुलाला आपल्या मुलाने स्वतः जाऊन, तोंडाने सांगू दे.